झोप लागत नाही म्हणून गर्भ पडत नाही

गरोदर बायकांमध्ये एक मेसेज फिरतोय: रोज आठ तास झोप झाली नाही तर गर्भपात होतो, पहिल्या महिन्यापासून फक्त डाव्या कुशीवर झोपा, आणि उठून न बसता कूस बदललीत तर बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते. आधीच झोप उडालेल्या बाईला तो आणखी जागवतो, म्हणून एकेक दावा तपासू.

आठ तासांची झोप: पहिल्या तीन महिन्यांतले निदान निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तो दोष बहुधा गर्भ राहतानाच आलेला असतो. जागरणाने तो येत नाही. रात्रपाळीचं थोडं वेगळं आहे. डेन्मार्कमधल्या 2019 च्या अभ्यासात आठवड्याला दोन किंवा जास्त रात्रपाळ्या करणाऱ्यांमध्ये आठव्या आठवड्यानंतर गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण दिवसपाळी मागून घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

डावी कूस: 28 आठवड्यांपर्यंत जशी झोप लागेल तसं झोपा. त्यानंतर मात्र उताणं झोपू नये. गर्भाशयाचा भार कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. अनेक अभ्यासांच्या 2019 च्या एकत्रित विश्लेषणात उताणं झोपी जाणाऱ्यांमध्ये पोटात बाळ दगावण्याचा, मुळात लहान असलेला धोका अडीच पटीच्या आसपास निघाला; डाव्या-उजव्या कुशीत फरक आढळला नाही. पाठीमागे एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. मध्यरात्री उताणं असताना जाग आली तर घाबरू नका, कुशीवर वळा.

नाळ: बाळ पाण्यात स्वतः फिरतं, म्हणून ती गुंडाळते. साधारण चार-पाच बाळंतपणांत एकदा असं दिसतं आणि बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात. आईच्या वळण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

ज्याकडे खरंच लक्ष द्यायला हवं, ते मेसेजमध्ये नाहीच. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. नव्याने मोठं घोरणं सुरू झालं, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणाले, तर रक्तदाब आणि साखर तपासा. तळहात-तळपायांना पुरळ नसताना खाज सुटून झोपमोड होत असेल, तर पित्ताम्ल (यकृतात तयार होणारी पित्तातली आम्लं) आणि यकृताची रक्ततपासणी लगेच करा. त्यात पित्ताम्ल 100 मायक्रोमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त असेल तर बाळ दगावण्याचा धोका खरोखर वाढतो आणि प्रसूती लवकर करावी लागू शकते. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.