सीझिंग एजन्सी काढून राहिले? मग हे वाचा

भाऊ, खिशात भांडवल नाही आणि नागपुरात धंदा तर काढायचाच आहे, तर सीझिंगसारखी, म्हणजे हप्ते थकलेल्या गाड्या फायनान्स कंपनीसाठी उचलून आणायच्या, अशी लाइन नाही. दोन पोरं, एक बाईक, मोबाइलमध्ये अ‍ॅप, झालं. वर्धा रोडवर बसायचं, एमएच ३१ दिसो की एमएच ४९, शेवटचे चार आकडे टाकायचे, हप्ता थकलेला निघाला की पोरं सुटली.

आता कायद्याचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर प्रकरणात ठणकावलं की वसुलीसाठी गुंड लावायचे नाहीत, म्हणून आपण गुंड पाठवायचेच नाहीत, एक्झिक्युटिव्ह पाठवायचे. पोरं तीच, गळ्यात आयकार्ड. एजंटला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागते, तर एकाचं काढा न् झेरॉक्स चौघांच्या खिशात टाका. २०२२ चं रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर म्हणते सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नको, अगदी बरोबर, फोन करूच नका, सरळ दारात उभे राहा. २०२३ मध्ये पाटणा हायकोर्टाने अशी दांडगाई म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला म्हटलं आणि बँका-फायनान्सवाल्यांना प्रत्येकी ५० हजारांचा दंड लावला, पण पाटणा लांब आहे. (आपलं खंडपीठ सिव्हिल लाइन्सलाच आहे, असो.)

खरी कला सरेंडर लेटरची. मे महिन्यात भर दुपारी माणूस ड्युटीवर निघाला आहे, डिक्कीत डबा आहे, तिघं त्याला घेरून उभे आहेत, आणि तो गाडीच्याच सीटवर कागद ठेवून "मी स्वखुशीने गाडी जमा करत आहे" खाली सही करून राहिला, इतकी खुशी तुम्ही लग्नातही पाहिली नसेल. डबा तेवढा परत द्या, नाहीतर तोही यादीत लिहावा लागते.

गाडी उचलायच्या आधी पोलीस ठाण्यात पत्र देऊन शिक्का घ्यायचा कंटाळा करू नका, नाहीतर तिकडे चोरीची तक्रार आधी पोचते. आणि कळमना मार्केटात माल भरलेला टेम्पो दिसला तर हात आवरा. टेम्पोवर कंपनीचा बोजा असेल, आतल्या संत्र्यांवर नाही, आणि व्यापारी काही कर्जदारासारखा मान खाली घालून बसत नाही.

पुढचं सोपं आहे. गाडी यार्डात ४५ डिग्रीत तापते, बॅटरी बसते, स्टेपनी कुठे गेली कोणालाच माहीत नसते, पार्किंग रोजचं चढते, लिलावात मिळेल त्या भावात जाते. उरलेली रक्कम परत त्याच माणसाकडून, ज्याच्याकडे आता कामावर जायला गाडी नाही.

तुमचं बिल मात्र कंपनी महिनोन्महिने लटकवते. आणि एखाद्या दिवशी धक्काबुक्की झाली की एफआयआरमध्ये नाव तुमच्या पोरांचं. रिझर्व्ह बँक कितीही म्हणो की एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच, मॅनेजर साहेब तेव्हा मीटिंगमध्ये असतात, त्यामुळे वकिलाचा नंबर आधीच सेव्ह करून ठेवा, आणि फी अ‍ॅडव्हान्स द्या, तोही तुमच्या धंद्याला ओळखते.