'तळ्याला सागरी इतिहास कसला?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अमेरिकेतल्या ड्युलुथ बंदराहून सुपीरियर सरोवराच्या कडेने स्प्लिट रॉक दीपगृहापर्यंत केलेल्या प्रवासावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : 'गोड्या पाण्याच्या तळ्याला सागरी इतिहास म्हणणे हास्यास्पद आहे, ड्युलुथच्या पुलाचे वर्ष चुकले आहे, आणि ज्या ओजिब्वे मूळनिवासी लोकांचा हा किनारा, त्यांचा लेखात पत्ता नाही.' मतभेदाचे मला वावडे नाही. पण 'हास्यास्पद' हा शब्द अनोळखी माणसाच्या लिखाणावर इतक्या सहज फेकायची रीत माझ्या ओळखीची नाही.

पुलाचे आपले म्हणणे बरोबर आहे. 1905 साली तिथे माणसे आणि गाड्या लोंबत्या पाळण्यातून पलीकडे नेत. वर उचलला जाणारा पूल 1930 सालचा. दुरुस्ती केली आहे.

आता ते 'तळे'. त्याचा विस्तार 82,000 चौरस किलोमीटर आहे आणि सर्वांत खोल जागी खोली 400 मीटरांहून अधिक. 28 नोव्हेंबर 1905 रोजी 'मताफा' हे मालवाहू जहाज ड्युलुथच्या कालव्यात शिरताना धक्क्यावर आदळून फुटले आणि काठावर हजारो लोक पाहत असताना त्यावरचे नऊ खलाशी दगावले. त्याच वादळात आणखीही जहाजे या किनाऱ्यावर आपटली, म्हणून 1910 मध्ये स्प्लिट रॉकच्या कड्यावर दिवा लागला. तिथवर रस्ताच नसल्याने बांधकामाचे सामान बोटीने आणून यारीने कड्यावर चढवावे लागले होते. 10 नोव्हेंबर 1975 च्या संध्याकाळी 222 मीटर लांबीचे 'एडमंड फिट्झजेराल्ड' सुमारे 26,000 टन लोहखनिजासह बुडाले, 29 पैकी एकही माणूस वाचला नाही. पाणी खारे नव्हते एवढ्यावरून हे सारे तळ्यातले अपघात ठरत असतील, तर आपल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

माझे आजोबा मालवणला मचव्यावर तांडेल होते. वारा फिरला की आजी भाकरी थापता थापता उठून पडवीत जायची आणि मचवा दिसेपर्यंत तव्याकडे बघायची नाही. समुद्राला भिऊन असलेल्या घरात मी वाढलो आहे. तेव्हा सागरी कशाला म्हणावे, हे निदान मला तरी शिकवू नका.

राहता राहिले ओजिब्वे. तो प्रवासलेख होता, प्रबंध नव्हे; एका लेखात सगळेच मावत नाही. शिवाय त्यांच्या भाषेत या सरोवराचे नाव 'गिचिगामी', म्हणजे थोरला समुद्र. तुमच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर तुमच्याच तिसऱ्या आक्षेपात होते. ते तुम्हाला दिसले नाही, याला मी काय करू?