बादलीचा डस्ट सेपरेटर: 'फिल्टर नको, मास्क नको' म्हणे!

सांगली-मिरजेकडच्या सुतारकामाच्या ग्रुपांवर सध्या बादलीच्या डस्ट सेपरेटरचा, म्हणजे व्हॅक्युमच्या आधीच भुसा अडवणाऱ्या बादलीचा, एक व्हिडिओ सारखा फिरतोय. रंगाची २० लिटरची रिकामी बादली, झाकणाला दोन भोकं, दोन पीव्हीसी एल्बो (काटकोनी वळणाचे जोड), एक पाईप व्हॅक्युमला नि एक मशीनला, झालं, ९९ टक्के धूळ गायब, फिल्टर नको मास्क नको. बादली जरूर बनवा, मी पण वापरतो, पण सोबत जे ज्ञान वाटलंय त्यातलं बरंच उलटं आहे.

"९९ टक्के धूळ बादलीतच" - वजन करून बघितलं तर असेलही, कारण वजन सगळं ढलप्यांचं नि जाड भुश्याचं. हवा कडेनं शिरते, गोल फिरते, जड कण भिंतीकडं फेकले जाऊन खाली पडतात आणि हवा मधल्या पाईपातनं वर जाते, खेळ एवढाच. पण सँडरची (लाकूड घासायच्या मशीनची) एकदम बारीक धूळ, १० मायक्रॉनच्या खालची (आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा), ती भिंतीपर्यंत जातच नाय, हवेबरोबर सरळ वर. म्हणजे छातीत जाणारी धूळ नेमकी त्या उरलेल्या १ टक्क्यात. त्यामुळं व्हॅक्युमला चांगला फिल्टर पाहिजेच, बादलीनं तो लवकर चोक होत नाय हा तिचा खरा फायदा.

"लाकूड नैसर्गिक, मास्क कशाला" - जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९५ सालीच लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकलीय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की असलेल्या गोष्टींत, नाकाचा कॅन्सर मुख्य. शिसमच्या धुळीनं खाज-शिंका येतात ते वेगळंच. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं घासकाम ज्यांनी बघितलंय त्यांना पॉलिश पेपरची धूळ कुठं कुठं जाते ते सांगायला नको.

"दोन एल्बो कसेही लावा, झाकण नुस्तं दाबून बसवा" - इथंच सगळी गंमत जाते. आत येणारा एल्बो भिंतीला समांतर वळलेला पाहिजे तरच हवा फिरते. बाहेर जाणाऱ्याला आत एल्बो नकोच, सरळ पाईप, बरोबर मधोमध, आणि त्याचं तोंड येणाऱ्या पाईपाच्या खाली, नायतर हवा न फिरताच शॉर्टकट मारते नि भुसा घेऊन जाते. झाकणाला रबर पॅकिंग, पाईपाभोवती सिलिकॉन. कारण कुठल्या फटीतनं जरा जरी हवा आत शिरली तर खाली बसलेला भुसा परत वर उचलला जातो आणि मग लोक म्हणतात डिझाईन फेल. जमत असेल तर थिएन बॅफल टाका, म्हणजे मधे एक आडवी चकती, तिच्या कडेला २४० अंशांपर्यंत इंचभरापेक्षा जरा जास्त रुंद फट, भुसा फटीतनं खाली पडतो नि परत वर येत नाय. फक्त बादली चकतीपर्यंत भरू द्यायची नाय.

"कुठलीही बादली चालते" - चांगला वेट-ड्राय (ओला-सुका दोन्ही कचरा ओढणारा) व्हॅक्युम पाईप तुंबल्यावर १५-२० किलोपास्कल (दाबाचं एकक) ओढतो. ३० सेंटीमीटरच्या झाकणावर हिशोब केला तर शंभर ते दीडशे किलोचा दाब! पातळ बादली आत चेपणारच. जाड घ्या किंवा झाकणाला प्लायची चकती मारा.

"पाईप जितका मोठा तितकी ओढ जास्त" - मोठ्या डस्ट कलेक्टरला खरं आहे, व्हॅक्युमला नाय. व्हॅक्युम मिनिटाला साधारण १०० घनफूट हवा ओढतो, दोन इंची पाईपात ती सेकंदाला २० मीटरच्या वर पळते, भुसा वाहून न्यायला तेवढंच लागतं. तीच हवा चार इंचीत पाच-सहा मीटरवर येते आणि भुसा पाईपातच झोपतो.

"पीव्हीसीत स्टॅटिकनं (घर्षणाच्या विजेनं) स्फोट होतो, आत तांब्याची तार ओढा" - झटका बसतो हे खरं, पण घरगुती शॉपच्या पाईपात स्फोटाएवढी दाट धूळ सहसा होतच नाय. आणि पीव्हीसीतनं करंट वाहत नाय, मग एका तारेनं सगळ्या पाईपाचं अर्थिंग होणार कसं? उलट आतल्या तारेत ढलप्या अडकून पाईप तुंबतो. भीती बाळगायचीच तर जुन्या सागवानातल्या खिळ्याची बाळगा, ब्लेड त्याला लागलं की ठिणगी ओढली जाते नि भुश्यात तासन्‌तास धुमसत बसते. म्हणून शॉप बंद करताना बादली बाहेर नेऊन ओतायची, भरली असो नसो.