हंगाम संपलेला नसतो
पक्षिनिरीक्षणाचा हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्याच्या परिसरात वसंतात नियमित जाणाऱ्याला दिसते, की हिवाळाभर फिकट असलेला पिवळा धोबी हा स्थलांतरित पक्षी परतीपूर्वी गडद पिवळा होत जातो आणि मध्य आशियाकडे निघण्याच्या तयारीतील भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे फुललेल्या काटेसावरीवर मकरंदासाठी अक्षरशः भांडतात. तांबट पक्षी याच सुमारास वाळलेल्या फांदीत घरट्यासाठी ढोली कोरतो. म्हणून नदीकाठच्या उद्यानांतील वाळक्या फांद्यांची सरसकट छाटणी (हा उत्साह नेमका मार्चमध्येच का येतो, कोण जाणे) टाळावी आणि केवळ धोकादायक फांद्याच, ढोली रिकामी असल्याची खात्री करून, उतरवाव्यात.