न्यूजमध्ये चार दिशा नाहीत

सोलापूरच्या गड्डा जत्रेवरून परत येताना भाच्यानं मोबाइल पुढं केला. "मामा, हे वाचा की ओ." वर्षानुवर्षं फिरणारा तोच फॉरवर्ड: इंग्रजीतले साधे शब्द म्हणे लांबलचक नावांची आद्याक्षरं आहेत. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चेस म्हणजे चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. डेट म्हणजे डे अँड टाइम इव्होल्यूशन. खाली तळटीप, 'हे ९० टक्के लोकांना माहीत नाही.' नसणारच, कारण ते खरं नाही.

'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन 'न्यूज': नव्या गोष्टी. जुन्या कागदांत याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं. मग काय पूर्व दिशा दोनदा धरायची? 'न्यू' आणि आपला 'नव' एकाच मुळाचे. चहाच्या गाड्यावर कुणी "काय नवं-जुनं?" विचारतो, तेव्हा तो निम्मी न्यूजच मागत असतो.

चेसला मात्र अर्धा गुण द्यायला हवा. रथ, घोडा, हत्ती, पायदळ ही चतुरंगाची चार अंगं खरीच, आणि खेळ इथूनच बाहेर गेला. पण चतुरंग खेळणाऱ्यांना इंग्रजी आद्याक्षरं कोण शिकवणार? शब्द आला फारसी 'शाह'वरून, म्हणजे राजा. अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच असा फिरत तो इंग्रजीत पोचला आणि त्याचे चेस आणि चेक असे दोन शब्द झाले. चेकमेट म्हणजे 'शाह मात'. पटावर आपण 'शह' देतो तो हाच. इतकंच काय, बँकेत भरतो तो चेकसुद्धा याच घराण्यातला.

डेटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. रोमन लोक पत्रात 'अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिलं' असं लिहीत. त्यातल्या 'दिलेलं' या लॅटिन शब्दावरून डेट आली, आणि मोबाइलचा डेटाही. संस्कृतात 'दिलेला' म्हणजे दत्त. दोन्हींचं मूळ एकच. अक्कलकोटच्या एसटीत तिकिटावरची तारीख बघताना हे आठवून बघा.

ईट म्हणजे 'एनर्जी अँड टेस्ट'? संस्कृत 'अद्' म्हणजे खाणे, त्यावरून अन्न. ईट त्याचाच चुलतभाऊ. कोल्ड हा हजार वर्षांहून जुना शब्द, त्याला 'क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज' हे आधुनिक फुप्फुसविकाराचं नाव चिकटवलंय. 'बाय' म्हणजे 'बी विथ यू एव्हरीटाइम', हा तेवढा नेमाजवळ गेलाय: 'गॉड बी विथ यी'चं झिजून गुडबाय झालं. पण तेही आद्याक्षरांनी नव्हे, जिभेनं.

आद्याक्षरांचे शब्द असतातच की. रडार, लेसर तसेच बनलेत. पण ही खोड बोलीत रुळली विसाव्या शतकात. शेकडो वर्षं जुन्या शब्दांना ती मागं जाऊन कशी लागणार?

भाचा हटेना. "मग सोलापूर म्हणजे सोळा गावं, हे तरी खरं ना?" सोलापूरचं ग्रामदैवत, बाराव्या शतकातले आपले सिद्धरामेश्वर; त्यांना कन्नडमध्ये 'सोन्नलिगेचे सिद्धराम' म्हणतात, आणि सोन्नलिगे हे सोलापूरचंच जुनं नाव. सोन्नलिगेत सोळा कुठं बसवायचे, ते म्हटलं आता तूच सांग.