बुचांचं कापड

मंजूनं मोबाइल पुढे केला तेव्हा आम्हा सगळ्यांना ते जरीचं कापडच वाटलं. भिंतभर सोनेरी, मध्ये लाल धारा, जागोजागी चुण्या. तिनं फोटो मोठा केला, तर दारूच्या बाटल्यांची बुचं!

"म्हणजे भंगारच की," सुऱ्या म्हणाला. "बारमागून पोतंभर आणतो, लावता का भिंतीला?"

मंजू त्याच्यावर तुटूनच पडली. हे कापड करणारा शिल्पकार एल अनात्सुई. १९४४ साली घानात जन्मला, १९७५पासून नायजेरियात न्सुक्काच्या विद्यापीठात शिल्पकला शिकवू लागला. आधी बाजारातल्या लाकडी पराती, फुटकी मडकी, कसावा हा कंद किसायच्या गंजक्या किसण्या घेऊन काम केलं. बुचांची पिशवी सापडली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस.

बंड्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तो फोटोच निरखत होता. "अ‍ॅल्युमिनिअम आहे. कापलं की कड बोटाला लागते. एकेक चपटं करायचं, दुमडायचं, भोक पाडून तांब्याच्या तारेनं जोडायचं. हे एकट्याचं काम नव्हे."

"नाहीच. हाताखाली बरीच मुलं असतात," मंजू म्हणाली.

"घ्या! राबणार पोरं आणि नाव ह्याचं?" सुऱ्या म्हणाला.

ह्यावर मंजूकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. पण सुऱ्याचं 'भंगार' मला झोंबलं होतं. म्हटलं, अरे, बूच कशाचं ते तरी बघ. युरोपचे व्यापारी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू घेऊन उतरायचे. तिच्या बदल्यात माल न्यायचे, माणसंसुद्धा न्यायचे. ती माणसं अटलांटिकपलीकडे उसाच्या मळ्यांत जुंपली, त्याच उसाच्या मळीची रम झाली, आणि ती रम परत आफ्रिकेत आली. २०२३मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात अनात्सुईनं बुचांचं एक अवाढव्य लाल शीड टांगलं होतं. जहाजाचं शीड! तिथे प्लास्टिकची बुचं लावून चाललं असतं का?

सुऱ्या गप्प झाला.

बंड्याला वेगळंच सुचलं. "आईच्या गोधडीत बाबांचा सदरा कुठला ते आम्ही हात फिरवून सांगायचो." अनात्सुईचंही म्हणणं ह्याच्या जवळचं आहे: माणसानं हाताळलेल्या वस्तूत त्या माणसाचं काहीतरी उरतं. आणि मला सगळ्यात आवडते ती गोष्ट म्हणजे त्याच्या कापडाला ठरलेला आकार नाही. घडी घालून पाठवतो, चुण्या कुठे पाडायच्या ते टांगणाऱ्यांवर सोपवतो. दर संग्रहालयात ते नव्यानं पडतं. शिल्प म्हणजे एकदा घडलं की संपलं, असं मीही समजत होतो.

"दारूचं पटलं," सुऱ्या उठता उठता म्हणाला. "पण त्या पोरांची नावं भिंतीवर पाहिजेत."

"पाहिजेतच," बंड्या म्हणाला.