बिनतारी तारेवरची कसरत

बेस गिटार वाजवणाऱ्याला वायरलेस, म्हणजे वाद्याचा आवाज केबलऐवजी रेडिओलहरींवरून अ‍ॅम्पला (ध्वनिवर्धकाला) पोहोचवणारा सेट, कशाला हवा, असं आमचा ड्रमर विचारतो. त्याचं अगदीच चूक आहे असं नाही. गिटारवाला पुढे धावतो, गुडघ्यांवर बसतो, केस झटकतो. गायक तर दुसऱ्याच गाण्याला प्रेक्षकांत उतरतो. बेसवाला मात्र ड्रमच्या कडेला, दिव्यांचा उजेड जिथे संपतो तिथे उभा असतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हलत नाही. पण न हलणाऱ्या माणसाचाही पाय केबलवर पडतो. जॅक अर्धवट निसटतो आणि स्पीकरमधून असा काही फट्ट आवाज निघतो की अख्खा हॉल वळून बघतो. बँडमध्ये बेस आहे हे ज्यांना तासभर कळलेलं नसतं, त्यांनाही त्या क्षणी कळतं.

तेव्हा वायरलेस घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बेसवाल्याच्या ठरावाला अनुमोदन लागत नाही, कारण तो मुळात कुणी ऐकलेलाच नसतो. तरी ड्रमरला गप्प करायला एक भक्कम दाखला शोधून ठेवला होता. १९७६च्या डिसेंबरात 'किस' या बँडच्या एस फ्रेलीला फ्लोरिडातल्या लेकलंड गावी चालू कार्यक्रमात विजेचा जबर झटका बसला. गिटार केबलने अ‍ॅम्पला जोडलेली, हात अर्थिंग नसलेल्या लोखंडी कठड्यावर, आणि मधे बिचारा फ्रेली. तो वाचला, आणि बँडने केबलला रामराम ठोकून केन शेफर नावाच्या गृहस्थाचा वायरलेस धरला. अंगाला आणि अ‍ॅम्पला जोडणारी तारच नसेल तर त्या वाटेने झटका येणार कुठून? ड्रमरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, पण तो गिटार वाजवायचा."

वायरलेस निवडताना पहिला प्रश्न आवाजाचा नसतो, तो कायद्याचा असतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. विक्रेत्याला विचारलं, "हा वापरायला परवानगी आहे ना?" तर 'हे गृहस्थ काही घेणार नाहीत' अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सगळे वापरतात." सगळे काय काय वापरतात याची यादी केली तर निम्मं जग आत जाईल.

भानगड अशी आहे की हवा फुकट असली तरी तिच्यातल्या लहरींचे पट्टे पाडून ते ज्याच्या त्याच्या नावावर चढवलेले असतात, आणि हा सातबारा अधूनमधून फिरतो. टीव्ही चॅनेलांच्या मधल्या रिकाम्या जागेत वर्षानुवर्षं वायरलेस माइक आणि गिटारी सुखाने नांदत होत्या. मग मोबाइलवाल्यांना जागा कमी पडली. अमेरिकेत ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा पट्टा १२ जून २०१०पासून या मंडळींना बंद झाला. ती बिऱ्हाडं उचलून खाली ६००च्या पट्ट्यात आली, तर त्याचाही लिलाव झाला आणि १३ जुलै २०२०ला तिथूनही बहुतेकांना बाहेर काढलं. म्हणजे २००९ साली अगदी सरळमार्गी असलेला सेट स्वतः काहीही न करता गुन्हेगार झाला. हे सेट आता जुन्या सामानाच्या जाहिरातींत सापडतात. खाली लिहिलेलं असतं, 'उत्तम स्थितीत, फारसा वापरलेला नाही.' वापरणार कसा?

बरं, एका देशात चालतो तो दुसऱ्या देशात चालेल म्हणावं, तर तसंही नाही. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ अमेरिकेत परवान्याविना मोकळं आहे. युरोपात त्याच जागेवर मोबाइलची जाळी पसरली आहेत. उलट ८६३ ते ८६५ युरोपात वायरलेस ऑडिओला खुलं, तर अमेरिकेत ती जागा दुसऱ्यांची. परदेशातून कुणी प्रेमाने असा सेट आणला, तर आधी आभार मानावेत आणि मग खोक्याच्या पाठीवरचा आकडा वाचावा. गल्लीतले सगळे फोन आपल्या बेसने दणाणतील असं नाही, पण ज्यांनी त्या पट्ट्यासाठी पैसे मोजलेत ती माणसं विनोदी नसतात.

या सगळ्यातून पळवाट एकच, २.४ गिगाहर्ट्झ. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत जवळजवळ सगळीकडे परवान्याशिवाय वापरता येतो. आता जिथे कुणालाही शिरायची मुभा, तिथे कोण नसणार? वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, बिनतारी माऊस तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तर २४५०वर, म्हणजे मधोमध मांडी ठोकून बसलेला. फुकट असला तरी सेटवर त्या त्या देशाच्या मान्यतेची खूण लागतेच. नुसत्या स्टिकरवर विसंबू नये, स्टिकर कुठेही छापून मिळतं. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, म्हणजे एफसीसीचा, क्रमांक असेल तर तो सरकारी नोंदीत शोधून बघता येतो. मी एका स्वस्त सेटचा शोधला, तर तो क्रमांक दुसऱ्याच कसल्याशा यंत्राचा निघाला.

कायदा झाला, आता भरवसा. वायरलेसचा भरवसा श्रोत्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये तालीम करताना सगळं कसं स्वच्छ वाजतं. संध्याकाळी माणसं येतात. प्रत्येकाच्या खिशात फोन, फोनमध्ये वायफाय, कानात ब्लूटूथ. शिवाय माणूस म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाणी ही लहर शोषून घेतं. म्हणून लोकप्रिय बँडला चांगला सेट लागतो. आमच्यासारख्यांना तसा कुठलाही चालावा, पण हे गायकासमोर बोलायची सोय नाही.

खोक्यावर '१०० मीटर' लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत, 'मधे अडथळा नसताना.' मधे पहिला अडथळा मीच असतो. लहर सोडणारा ट्रान्समीटर कमरेला मागे, ती पकडणारा रिसीव्हर समोर, आणि दोघांच्या मधे माझा ऐसपैस देह. ड्रमरकडे तोंड केलं की आवाज शाबूत, श्रोत्यांकडे तोंड केलं की गायब. ड्रमरच्या मते ही यंत्राची रसिकता होती.

त्यात आमच्या कीबोर्डवाल्याला टापटिपीची भारी हौस. 'दिसायला बरं नाही' म्हणून त्याने रिसीव्हर अ‍ॅम्पच्या मागे, लोखंडी पेटीला टेकवून लपवला. मग मी स्टेजवर पावलापावलाने सरकत जायचो आणि पुढे बसलेला गिटारवाला 'आहे, आहे, गेला, आहे' असं ओरडत राहायचा. २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना खोडतात आणि त्यामुळे चार बोटं सरकलं तरी आवाज बुडतो, पुन्हा चार बोटं सरकलं की वर येतो. चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात त्या यासाठी. एक बुडालेल्या जागेत असेल तर दुसरी बहुधा नसते. शेवटी रिसीव्हर एका माइकच्या स्टँडवर, छातीच्या उंचीला, मला सरळ दिसेल असा चढवला आणि 'आहे, आहे'ची आरती थांबली. कीबोर्डवाला अजून त्या स्टँडकडे बघून नाक मुरडतो.

जुने अ‍ॅनालॉग सेट निदान जाताना खरखर करून निरोप घेत. डिजिटल न सांगता उठून जातो. तरीही मी डिजिटलच घेतला, कारण बेसची सगळ्यात खालची 'ई' तार ४१ हर्ट्झची, आणि पाच तारांच्या बेसवर त्याखालची 'बी' जवळपास ३१ची. अ‍ॅनालॉग सेट खरखर दाबायला आवाज आधी आवळतात आणि पलीकडे पुन्हा सैल सोडतात. या आवळासोडीत बेसच्या लांबलचक स्वराला धाप लागल्यासारखं वाटतं. माइकसाठी बनवलेले काही सेट तर एवढ्या खालचे स्वर मुद्दामच कापतात. खरेदीआधी तपशिलात आकडे २० हर्ट्झपासून सुरू होतात का हे बघावं, आणि त्यावरही विश्वास न ठेवता खालची तार छेडून ती विरेपर्यंत ऐकावी. विक्रेता जांभई देईल, देऊ द्यावी.

गंमत म्हणजे त्याच आवळासोडीवर काहींचा जीव जडला. शेफरचं ते यंत्र 'एसी/डीसी' बँडचा गिटारवादक अँगस यंग यानेही वापरलं, आणि त्यातून गिटारला येणारा करकरीतपणा त्याच्या आवाजाचाच भाग होऊन बसला. पुढे अनेक वर्षांनी कुणीतरी नेमका तेवढा करकरीतपणा देणारा, पायाने दाबायचा पेडल बनवला. वायरलेसचा आवाज हवा, पण वायरलेस नको, अशांसाठी. तो केबलने जोडतात.

उलटा प्रकार माझ्याच सेटवर आहे. लांब केबलमध्ये गिटारचे वरचे स्वर थोडे मावळतात, कारण केबलला स्वतःची धारकता, म्हणजे विद्युतभार थोडा धरून ठेवायची सवय, असते, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास. वायरलेसमध्ये हा दोष नाही. म्हणून त्यांनी एक खटका दिलाय, तो फिरवला की अमुक इतक्या लांबीच्या केबलचा दोष परत मिळतो. पैसे मोजून केबल घालवायची आणि खटका फिरवून तिचा वनवास संपवायचा. मी तो फिरवून पाहिला. बरा वाटला, हे ड्रमरला सांगितलेलं नाही.

ड्रमरची खरी चिंता मात्र उशिराची. डिजिटलमध्ये आवाज पोहोचायला उशीर होतो हे त्याने कुठेतरी ऐकलेलं. होतो, काही मिलिसेकंदांचा. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मिलिसेकंदांचा उशीर हा मी त्याच्यापासून एक मीटर लांब उभा राहिल्याइतकाच. हे समजावल्यावर तो म्हणाला, "अजून लांब नाही का जाता येणार?"

ज्यांच्या बेसमध्ये बॅटरी आहे त्यांना एक सावधगिरीची सूचना. अशा बऱ्याच वाद्यांत जॅक घातला की बॅटरी सुरू होते, आणि तो खटका स्टिरिओ जॅकच्या मधल्या कड्यावर असतो. काही छोट्या, थेट वाद्यात खुपसायच्या ट्रान्समीटरांचा प्लग या कड्याशी जुळत नाही. मग एकतर शुकशुकाट, नाहीतर शिट्टी. शिवाय ज्यांचा जॅक खोलगट वाटीत बसवलेला असतो, त्यांच्यात हे ट्रान्समीटर कधीकधी शिरतच नाहीत. आपलं वाद्य सोबत न्यावं आणि खुपसूनच बघावं. खोक्यावरचं चित्र बघून अंदाज बांधू नये.

एवढं सगळं जमल्यावरही एक भूत उरलं होतं. तालमीला सगळं झकास, कार्यक्रमात मात्र दर थोड्या वेळाने आवाजाला उचकी. श्रोत्यांवर संशय घ्यावा तर इनमिन पहिल्या दोन रांगा, त्याही अर्ध्या आमच्याच नातेवाइकांच्या. सगळ्यांचे फोन तपासून झाले. गायकाचा राहिला होता, कारण तो माइकच्या स्टँडवर अडकवलेला, चालू. घरी बसलेल्या चाहत्यांसाठी कार्यक्रम थेट दाखवायला पठ्ठ्याने दुसऱ्या फोनवरून हॉटस्पॉट घेतला होता, तोही २.४वर, माझ्या रिसीव्हरपासून हातभर अंतरावर. तो ५ गिगाहर्ट्झवर हलवायला लावला, आणि बेस पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग, तुळतुळीत वाजला.

घरी बसून बघणाऱ्यांना विचारलं, "आज बेस कसा वाटला?" ते म्हणाले, "बेस होता का?" त्यांची काही चूक नाही. ४१ हर्ट्झ फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही.